पोरगं ढ नाय, मास्तर



सातवीत असताना हजेरी संपली की मास्तर ओरडायचे, ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा.’ आम्ही सहा जण उभे. बाकीचा वर्ग वळून बघणारा. मास्तरांच्या मनात पाप नसेलही, फॉर्म भरायचे होते, दोन मिनिटांचं काम. पण त्यानंतरच्या गणिताच्या तासाला मला फळ्यावरचं काही कळायचं नाही. घरी तेच गणित झटक्यात सुटायचं. मी समजत होतो, शाळेत पाय ठेवला की आपलं डोकंच बंद पडतं.

हे माझ्या एकट्याचं नव्हतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अभ्यासक बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरच्या भूलभुलय्याची कोडी दिली. जात कुणी काढली नाही, तेव्हा दलित पोरं सवर्ण पोरांच्या बरोबरीनं चालली. दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी पोराचं, बापाचं, आज्याचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. दलित पोरांची सुटलेली कोडी कमी झाली. कोडी तीच, बोटं तीच. २००४ साली हे छापून आलं.

बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर बसवलं, शिपाई असेल तरच पाणी. आता गोणपाट गेलं. ‘स्कॉलरशिपवाले’ आलं.

मानसशास्त्र म्हटलं की आपल्यातलाच एखादा नाक मुरडतो. पोटाला भाकर नाही तिथं मन कसलं बघता? त्याचं अर्धं बरोबर आहे. आणि काही मास्तर तर हे शास्त्र उलटंच धरतात. पोराला न्यूनगंड आहे म्हणायचं, हात झटकायचे. अहो, तो गंड पोरानं घरून दप्तरात आणला काय? बघायचं मन आधी मास्तरचं आहे.

अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना सांगितलं, ही ही पोरं यंदा चमकणार. नावं काढली होती चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती पोरं खरंच पुढं गेली. १९६८ साली त्यावर पुस्तक आलं. परिणाम केवढा, यावर पंडित पुढं भांडले, भांडोत. आम्हाला गोदीत हे रोज दिसतं. मुकादम एकदा म्हणाला, ‘हा कच्चा आहे,’ की त्या गड्याला क्रेनला इशारा द्यायला कुणी उभं करत नाही. वर्षानं तो खरंच कच्चा निघतो. शिकवलंच कुणी?

आता माझं ऐका. वस्तीतल्या समाजमंदिरात मी रात्री पोरांना शिकवतो. एक पोरगी वाचताना अडखळायची. मी लगेच शेजारच्याला, ‘तू वाच रे.’ रोज हेच. हुशार पोरगा अडला की मात्र थांबायचो, अर्धा शब्द पुरवायचो. महिन्यानं ध्यानात आलं आणि लाज वाटली. सहा जणांत उभा राहिलेला मी, आणि माझ्याच हातात शिक्का!

मेरी बड रो या बाईंनी १९७०च्या दशकात मोजून दाखवलं होतं, की प्रश्न विचारून मास्तर जेमतेम एक सेकंद थांबतो. तीन सेकंद थांबला तर उत्तरं लांबतात, ‘कच्ची’ ठरवलेली पोरंही बोलू लागतात. याला पैसा लागत नाही, जीआर लागत नाही. मी आता मनात दहा आकडे मोजतो. पोरगी आठव्याला वाचायला लागते. कधी नाही लागत. मग परत मोजतो.

फॉर्मचंही तसंच. पोराला बाजूला घेऊन हळूच विचारता येतं. चूक दाखवताना ‘तुला हे जमेल म्हणून सांगतोय’ एवढं म्हणता येतं, पण मग ते खरं वाटून म्हणावं, पोरांना खोटं लगेच कळतं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. कोवळ्या वयाची मांगाची पोर, तिनं मांग-महारांचं दुःख लिहिलं. त्या वर्गात तिला कुणीतरी थांबून ऐकलं असणार.

तुमच्यापैकी जे मास्तर आहेत, बाई आहेत, त्यांनी लिहा, तुमच्या वर्गात फॉर्म कसे गोळा होतात, मागच्या बाकावर कोण बसतं, कुणी बसवलं. पोरांनीही लिहा. पुढच्या अंकात पानं राखून ठेवलीत. शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही.