थोरला नागरिक, धाकटा कोण?



समजा, आई बीडची. तिच्या नागरिकत्वाबद्दल कुणाची तक्रार नाही. बाप कागदाविना सीमेपलीकडून आलेला, भिवंडीत यंत्रमागावर राबणारा. थोरला मुलगा २००३ साली झाला, धाकटा २००६ साली. आईबाप तेच, दवाखाना तोच. थोरला जन्मानेच भारताचा नागरिक. धाकटा नाही. दोघांच्या मध्ये ३ डिसेंबर २००४ ही एक तारीख आहे, बस्स.

विश्वास बसत नसेल तर नागरिकत्व कायदा १९५५, कलम ३ उघडा. मूळ कायदा सरळ होता. २६ जानेवारी १९५० पासून जो इथे जन्मला तो नागरिक, मोजके अपवाद सोडून. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी नागरिक असण्याची अट आली. २००४ पासून तेवढ्यानेही भागत नाही; एक नागरिक असला तरी दुसरा 'बेकायदेशीर स्थलांतरित' नसावा लागतो. १९८६ साली हिमाचलात तिबेटी निर्वासितांच्या पोटी जन्मलेल्या मुलीला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली भारतीय ठरवले, ते जुन्या नियमाच्या जोरावर. ती दोन वर्षे उशिरा जन्मली असती तर?

माणूस काय करतो हे न बघता तो कुणाच्या पोटी आला यावर त्याची जागा ठरवायची. हा न्याय आपल्याला नवा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी त्याची पोथी जाळली होती.

"मग सीमा उघड्या टाकायच्या का?" असे आपलेच काही मित्र विचारतात. नाही. सीमा ओलांडली त्याला शासनाने जाब विचारावा. पण या बाळाने कोणती सीमा ओलांडली? कायद्याच्या व्याख्येतही 'बेकायदेशीर स्थलांतरित' म्हणजे भारतात प्रवेश केलेला परकीय. बाळ तर इथेच जन्मले! नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिकत्व मिळवण्याची वाट अशा स्थलांतरिताला बंद आहे. ती बाळाला तरी उघडी आहे, हे सांगायला त्याने कोर्टाची पायरी चढायची.

२०१९ च्या दुरुस्तीत बौद्धांचे नाव आले म्हणून आपल्यातल्या काहींना बरे वाटले होते. यादीत देश तीनच: पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान. तिबेटचा बौद्ध त्यात नाही, श्रीलंकेचा तमिळ नाही, आणि मुसलमान तर नाहीच. बुद्धाचे नाव घेऊन बुद्धाच्याच लेकरांना बाहेर ठेवणारी ही करुणा आम्हाला समजत नाही.

आणि हे दुसऱ्याचे दुखणे आहे, असे समजू नका. आईबापांचे नागरिकत्व सिद्ध करा म्हटले की पहिला कोण अडकणार? पालावर जन्मलेला पारधी, वडार, फडावर जन्मलेले ऊसतोड कामगाराचे पोर. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीबाहेर १९ लाखांवर माणसे राहिली. ज्यांच्या आजोबांकडे सातबारा होता, त्यांना ही भीती कळायची नाही.

कायदा बदलायची लढाई लांबची आहे, पण वस्तीतले काम उद्यापासून सुरू करता येईल. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवा. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना नोंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच विचारला जाणार आहे. पाल असो, भट्टी असो, झोपडपट्टी असो, दाखला नसलेल्या पोरांची यादी आपल्या पोरांनी करावी. बाप कुठला, हे त्या यादीत विचारू नये.