बेसबॉलमधील उत्तेजके आणि मालकांचे मौन

अमेरिकेतील बेसबॉलच्या उत्तेजक-प्रकरणाची चर्चा १९९४ च्या संपापासून सुरू करावयास हवी. वेतनावर कमाल मर्यादा घालू पाहणाऱ्या क्लबमालकांविरुद्ध खेळाडूंनी पुकारलेला हा संप २३२ दिवस चालला, त्या वर्षीची ‘वर्ल्ड सीरीज’ रद्द झाली आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानांकडे पाठ फिरविली.

१९९८ साली मार्क मॅग्वायर व सॅमी सोसा यांच्यात होमरनची, म्हणजे चेंडू थेट सीमेपार टोलविण्याची, शर्यत लागली. एका मोसमातील ६१ होमरनचा १९६१ पासून अबाधित असलेला विक्रम दोघांनीही मोडला. मॅग्वायर ७० वर पोहोचला. मैदाने पुन्हा गजबजली. तो सत्तरावा चेंडू पुढे सुमारे ३० लाख डॉलर्सना विकला गेला! त्याच मोसमात मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली एका वार्ताहराला दिसली होती. ऑलिंपिकमध्ये निषिद्ध असलेले हे द्रव्य बेसबॉलच्या नियमांत बसत होते. गल्ला भरत असताना मालकांना चौकशी कशी सुचावी?

परंतु सारा दोष मालकांच्या माथी मारून कामगार चळवळीच्या हितचिंतकांना मोकळे होता येणार नाही. खेळाडूंच्या संघटनेनेही सक्तीच्या तपासणीला दीर्घकाळ विरोध केला. तिचा अविश्वास निराधार नव्हता. ऐंशीच्या दशकात मालकांनी संगनमत करून खेळाडूंचे भाव पाडले होते व त्यापोटी त्यांना २८ कोटी डॉलर्स भरावे लागले होते. तथापि औषध न घेणारा खेळाडूही याच संघटनेचा सभासद होता, याचा तिला विसर पडला. शेजारचा सुई टोचून घेतो म्हटल्यावर त्याने शरीर पणाला लावावे किंवा संघातील जागा गमवावी. धोकादायक यंत्रावर काम करण्यास एक कामगार राजी झाला की इतरांच्या नकाराला किंमत उरत नाही, तसेच हे. संघटनेने ज्याला खासगीपणाचा प्रश्न मानले, तो वस्तुतः कामाच्या सुरक्षिततेचा होता. (कनिष्ठ संघांतील खेळाडूंना त्या काळी संघटनाच नव्हती, त्यांच्यावर २००१ मध्येच तपासणी लादली गेली.)

माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या २००७ च्या अहवालात ८९ खेळाडूंची नावे आली. मॅग्वायरने २०१० मध्ये कबुली दिली. मुलांना घेऊन १९९८ चे सामने पाहणाऱ्या प्रेक्षकाची आठवणच त्यामुळे नासली; निष्कलंक खेळाडूच्या पराक्रमाकडेही तो आता संशयाने पाहतो.

७६२ होमरनचा धनी बॅरी बॉन्ड्स याला संशयापायी ‘हॉल ऑफ फेम’च्या पत्रकार-मतदानात २०२२ मध्ये, दहाव्या व शेवटच्या खेपेसही, नकार मिळाला. त्या सबंध काळात बेसबॉलचा कारभार पाहणारे आयुक्त, पूर्वाश्रमीचे क्लबमालक बड सीलिग, तेथे २०१७ मध्येच सन्मानाने दाखल झाले आहेत.