जुना गिअरबॉक्स बसवा, पण चेसिसला कटर लावू नका

नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गावरून पुण्याचा रस्ता जेथे फुटतो, त्या द्वारका परिसरात गॅरेज, लेथ आणि वेल्डिंगच्या कामावर आपल्या अनेक बांधवांची रोजी चालते. जुने ट्रक आणि जुन्या जीपगाड्या रस्त्यावरून कमी होत आहेत आणि त्यांच्याबरोबर हे कामही आटत आहे. अशा वेळी शौकीन गिऱ्हाईक दारात येते आणि म्हणते, "जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स माझ्या जीपला बसवून द्या." हे काम सोडू नये, मात्र ते कसे करावे याचा विचार आधी व्हावा.

हा शौक नवा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील तरुण मेकॅनिकांनी १९३० च्या दशकापासून जुन्या फोर्ड गाड्या नव्याने बांधल्या. त्यांना 'हॉट रॉड' म्हणतात. आपल्याकडे हरियाणातील मंडी डबवाली जीप बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे. आपले कारागीर हुन्नरात कमी नाहीत. कमी पडते ते मोजमाप आणि कागद.

पहिली गोष्ट गिऱ्हाइकाला खरे सांगण्याची. जुन्या सीजे-३बी जीपच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर २.८ चा आणि एक्सल ५.३८ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १५ फेरे. ट्रकच्या बॉक्सचा पहिला गिअर ६ चा धरला, तर हेच फेरे ३२ होतात. चढावर ओढ वाढेल, पण सपाट रस्त्यावर तो गिअर जवळजवळ निरुपयोगी. वरचा गिअर दोन्हीकडे थेट असेल, तर वेगही वाढणार नाही. वजन मात्र वाढेल आणि बॉक्समध्ये सिंक्रोमेश नसेल तर डबल क्लच मारावा लागेल. एवढे ऐकूनही गिऱ्हाईक तयार असेल, तरच पाना हातात घ्यावा.

दुसरी गोष्ट मापाची. इंजिन आणि बॉक्स यांच्यामधली अडॅप्टर प्लेट अंदाजाने भोके पाडून चालत नाही. बेल हाउसिंगचे भोक क्रँकच्या मध्याशी जुळते की नाही, हे डायल गेज लावून पाहावे. गेजचा काटा पाच थाऊपेक्षा, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरपेक्षा, जास्त हलू नये. हे चुकले तर पायलट बेअरिंग आणि इनपुट शाफ्ट लवकर जातात, गिअर निसटतो आणि बदनामी गॅरेजची होते. क्लच प्लेटचे दाते नव्या शाफ्टला जुळवावेत. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली, की तो बॅलन्स करूनच बसवावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील उत्पादकाने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. उलट जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणीची सोय दिली; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. १९७० च्या आसपासच्या जीप आज या वयाच्या झाल्या आहेत. त्यांच्या चेसिसला गॅसकटर लावणे म्हणजे गिऱ्हाइकाची किंमती चीज आपल्या हाताने भंगारात घालणे होय.

म्हणून आमचे मत असे, की बॉक्ससाठी वेगळा आडवा पट्टा नटबोल्टने बसवावा, चेसिस कापू नये आणि मूळ बॉक्स ग्रीस लावून गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावा. उद्या गाडी पहिल्यासारखी करता आली पाहिजे. काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाने परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. काय बदलले, कोणता माल जुना होता, हे बिलावर लिहून द्यावे. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनला मंजूर नाही, आणि दुसऱ्याची गाडी ही आपल्याकडे अमानत असते.

बांधवांनो, मोजून, लिहून आणि खरे बोलून केलेल्या कामाचा मेहनताना मागताना मान खाली घालावी लागत नाही. द्वारकेच्या गॅरेजांना पुढची पिढी याच वाटेने टिकवू शकेल.