पेज आणि नळी

जूनमध्ये दिवाळी अंकाची पहिली बैठक झाली तेव्हा या वर्षीचा विषय ऐकून आमचे व्यवस्थापक म्हणाले, "सणासुदीला हे कशाला?" पुढे एका मिठाईवाल्यांचा फोन आला: जाहिरात देतो, पण त्या लेखांच्या शेजारी छापू नका. दोघांचंही म्हणणं मला समजलं, तरी विषय बदलला नाही. धनत्रयोदशीला आपण कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो, भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतो. चार-पाच दिवसांच्या सणात यमाला दोनदा मान आहे, मग अंकात त्याला थोडी पानं द्यायला हरकत नसावी.

विषय आहे स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचे शेवटचे महिने. विसरण्याबद्दल आपल्याकडे बरंच लिहून झालं आहे. घराचा रस्ता चुकणारे आजोबा कथांमधून येतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये मोहन आगाशेंनी उभे केलेले शास्त्री हत्तीमागे चालत जातात, ते कोण विसरेल! पण तो अजून चालता येण्याचा टप्पा आहे. त्यानंतर खाट येते, आणि खाटेपाशी गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून की काय, लेखक तिथे सहसा थांबत नाहीत.

माझ्या आईने बावीस वर्षं या अंकाची मुद्रितं तपासली. सात वर्षांपूर्वी एका कथेच्या प्रुफात तिने एकाच वेलांटीवर चार वेळा लाल खूण केली आणि समासात चार वेळा तीच दुरुस्ती लिहिली. आम्ही हसलो. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ. या आजारासाठी थट्टेचे शब्द मराठीत तयारच आहेत, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं थट्टेत निघून जातात. मग तपासण्या झाल्या, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. कुलपं बदला, गॅसचा नॉब काढून ठेवा, गळ्यात पत्त्याची चिठ्ठी अडकवा, असं पुष्कळ काही लोकांनी सांगितलं. हा आजार शेवटी जीव घेतो, एवढं मात्र कोणी सांगितलं नाही. कॅन्सरचं नाव निघालं की सगळं घर मनात महिने मोजू लागतं. स्मृतिभ्रंशाचं नाव निघाल्यावर आम्ही कुलूप आणायला गेलो.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे शंभरात सात-आठ. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या नर्सिंग होममधल्या अखेरच्या टप्प्यातल्या 323 रुग्णांचा अठरा महिने माग ठेवला गेला होता. 2009 साली छापून आलेला तो अभ्यास मी आई गेल्यावर वाचला, हे माझं दुर्दैव. अठरा महिन्यांत निम्म्याहून जास्त माणसं गेली होती. बहुतेकांचं खाणं-गिळणं आधी बिघडलं होतं आणि न्यूमोनिया, ताप यांच्या फेऱ्या झाल्या होत्या. त्यातली एक गोष्ट मला फार लागली. ज्यांच्या नातेवाइकांना पुढे काय होणार याची कल्पना होती, त्या रुग्णांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत हॉस्पिटलच्या वाऱ्या आणि नळ्या बऱ्याच कमी आल्या होत्या.

या आजाराच्या पायऱ्या मोजण्याची एक पट्टी डॉक्टर वापरतात. तिच्या शेवटच्या पायरीवर बोलणं पाच-सहा शब्दांवर येतं, मग एकावर. नंतर चालणं जातं, बसणं जातं, हसू जातं आणि सर्वांत शेवटी मान धरणं. बाळ जे ज्या क्रमाने शिकतं ते उलट्या क्रमाने सुटत जातं. आईचा शेवटचा शब्द 'बघू' हा होता. चहा हवा का, बघू. कूस बदलायची का, बघू. मुद्रणालयाला तिने आयुष्यभर हेच उत्तर दिलं होतं.

मग ताप आला, घशात कफ वाजू लागला आणि आम्ही तिला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अकरा दिवस आयसीयू. नाकातून राइल्स ट्यूब घातली. ती ओढून काढते म्हणून तिचे दोन्ही हात बँडेजपट्टीने खाटेच्या कठड्याला बांधले. भेटीची वेळ सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. ज्या बाईला आपण कुठे आहोत हे कळत नव्हतं, तिला भोवतीचा एकही चेहरा ओळखीचा राहू नये अशी चोख व्यवस्था झाली. न्यू जर्सीहून दादा व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "पैशाकडे बघू नका, जे जे शक्य आहे ते करा." मीही तेच सांगत होतो. नळी नको का, असं मी एकदा चाचरत विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या, "मग काय उपाशी मारायचं तिला?" या वाक्यापुढे मराठी घरात कोणाचं काही चालत नाही.

नळीसकट घरी आणलं. दोन आठवड्यांत तिने ती तीनदा उपसली. तिसऱ्यांदा रात्री साडेनऊ वाजता. नळी बसवणारा ब्रदर सकाळीच येणार होता. आमच्याकडे ब्युरोमार्फत आलेल्या मावशी होत्या, मराठवाड्यातल्या, रात्रपाळीच्या. त्यांनी मला बाजूला केलं आणि तांदळाची पेज टाकली. तूप, मीठ, वर चिमूटभर मेतकूट. आईच्या पाठीशी उशा लावून तिला जवळजवळ ताठ बसवलं, हनुवटी किंचित छातीकडे आणली. चमचा खालच्या ओठाला टेकवला आणि थांबल्या. काहीच झालं नाही. मावशी थांबूनच राहिल्या. मग ओठ हलले. अर्धा चमचा आत गेला. मावशी गळ्याकडे बघत होत्या. घाटी वर जाऊन खाली आल्याशिवाय दुसरा चमचा उचलायचा नाही. मध्येच आईने ओठ मिटले. मावशींनी वाटी खाली ठेवली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, पुन्हा विचारल्यासारखा चमचा टेकवला. निम्मी वाटी संपायला पन्नास मिनिटं लागली. नळीतून तेवढं पोटात जायला दहा मिनिटं पुरत.

या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. हे अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने बऱ्याच वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. ते नळीऐवजी हाताने सावकाश भरवायला सांगतात, जमेल तेवढंच. ठसका लागण्याचा धोका राहतो. तो आम्ही कागदावर सही करून पत्करला, आणि नळी पुन्हा बसवली नाही. मामी दोन महिने बोलल्या नाहीत. शरीर मिटत आलं की त्याला अन्न पेलत नाही; आई जात होती म्हणून तिचं खाणं सुटत होतं. हे त्यांना सांगायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते.

दुखणं कसं ओळखायचं, हेही आम्हाला उशिरा कळलं. बोलता न येणाऱ्या माणसाचा श्वास, कण्हणं, चेहरा, मुठी-गुडघ्यांचा ताण आणि जवळ घेतल्यावर शांत होणं न होणं, या पाच खुणा बघायच्या. मावशी कूस बदलताना हे सगळं बघत. आईच्या कपाळाला आठी पडली की थांबत. त्यांना बारा तासांचे जे पैसे मिळत त्यातून ब्युरोचं कमिशन कापलं जाई. आमच्या मेडिक्लेमने आयसीयूचं बिल भरलं. मावशींच्या पगारातला एक रुपयाही त्यात बसत नव्हता. या अंकात त्यांच्यासारख्याच एका बाईंचं आत्मकथन आहे, ते आधी वाचा.

मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांना सांभाळणारी जागा. आपल्याकडे ही परंपरा कॅन्सरच्या आधाराने वाढली. स्मृतिभ्रंशाचा माणूस तिच्या बाहेर राहतो, कारण त्याचे किती महिने उरलेत हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. केरळने 2008 साली पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण केलं. तिथे पंचायतीची नर्स घरी येते, खाटेला खिळलेल्या कोणाही माणसाकडे येते. महाराष्ट्रात ते होणं अशक्य आहे, असं मला वाटत नाही. आपण ते मागितलेलंच नाही.

आईचे मिटलेले ओठ आठवले की मला विनोबा आठवतात. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला ते गेले, तो दिवाळीचा दिवस होता. आदले काही दिवस त्यांनी अन्न, पाणी, औषध नाकारलं होतं. इंदिरा गांधी जाऊन आल्या, तरी त्यांचं नाही ते नाहीच. मन स्वच्छ होतं, नको म्हणता आलं. आई ओठ मिटायची ते नको म्हणून, की नुसता स्नायूंचा खेळ होता? मला अजून ठरवता आलेलं नाही. मावशींना शंका नव्हती.

ज्यांना आज नको म्हणता येतं त्यांच्यासाठी कायद्याने एक वाट काढली आहे. शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली. तेव्हा त्यावर दंडाधिकाऱ्यांची सही लागे, म्हणून कोणी फारसं त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत घ्यावं लागतं, ते योग्यच आहे. अडचण एवढीच की हा कागद शुद्धीत असताना करायचा असतो. स्मृतिभ्रंशात निदानानंतर त्यासाठी थोडाच काळ मिळतो, आणि तो आम्ही कुलपं निवडण्यात घालवला.

मी आणि बायकोने आमचे कागद गणपतीनंतर टाइप करून घेतले. गेल्या आठवड्यात कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेलो. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "साहेब, सणासुदीला हे कशाला? दिवाळी झाल्यावर या." पाडव्यानंतरच्या सोमवारची वेळ दिली आहे. साक्षीदार दोन लागतात. एक आमचे व्यवस्थापक, हो-ना करत तयार झालेत. दुसरी सही मामींची घ्यावी असं मनात आहे. अंकाची पहिली प्रत त्यांना पाठवतो आहे.

– संपादक