लाल टेस्ट गप्प करण्याआधी

स्प्रिंग बूटचं व्हर्जन वाढवलं की सोबत मॉकिटोचंही वाढतं. ते कुणी मुद्दाम मागितलेलं नसतं. २०१८ मध्ये स्प्रिंग बूट २.० बरोबर मॉकिटो २ आलं, २०२३ मध्ये ३.१ बरोबर मॉकिटो ५. कालपर्यंत हिरवा असलेला बिल्ड लाल होतो, रिलीज तोंडावर असतो आणि टीममधलं कुणीतरी म्हणतं, ‘मूळ कोडला तर आपण हातही लावलेला नाही, टेस्ट तेवढ्या दुरुस्त करून टाका.’ या घाईला माझा विरोध आहे.

काही दुरुस्त्या खरोखर किरकोळ असतात. मॉकिटो ४ ने जुनी, बाद ठरवलेली नावं काढून टाकली. ती कंपायलरच दाखवतो, बदलली की झालं.

खरी मेख ‘एनीस्ट्रिंग’मध्ये आहे. पहिल्या व्हर्जनमध्ये हा मॅचर नलसुद्धा खपवून घ्यायचा. दुसऱ्यापासून त्याला स्ट्रिंगच लागते. समजा, डिलिव्हरीचा खर्च काढणाऱ्या मेथडला आपला कोड पिनकोडच्या जागी नल पाठवतोय. जुन्या मॉकिटोत टेस्ट हिरवी. नव्यात मॅचर जुळत नाही, मॉक ठरवून दिलेलं उत्तर न देता नल परत करतो आणि नलपॉइंटर एक्सेप्शन भलत्याच ओळीवर फुटतं. साहजिकच दोष लायब्ररीचा वाटतो. मग सगळीकडे ‘एनीस्ट्रिंग’ काढून नुसतं ‘एनी’ टाकलं जातं, कारण त्याला नल चालतो. टेस्ट पुन्हा हिरवी होते. पिनकोड नलच राहतो.

अनावश्यक स्टबिंगच्या एक्सेप्शनचंही तेच. स्टब लिहिलाय, पण कोड तिथवर पोचतच नाही, एवढंच ते सांगतं. कधी ती कॉपी-पेस्टची अडगळ निघते. कधी मात्र पेमेंटचा कॉल जायला हवा होता आणि वरच्या एखाद्या अटीत अडकून तो गेलेलाच नसतो. ‘लीनियंट’ लावलं की दोन्ही सारखीच झाकली जातात, आणि दुसरी चूक पुढे ग्राहकाच्या खात्यात सापडते.

म्हणून रिव्ह्यू करणाऱ्यांना आग्रहाने सांगतो: व्हर्जन वाढवण्याचं काम नव्या फीचरच्या पुल रिक्वेस्टमध्ये मिसळू देऊ नका. ‘एनीस्ट्रिंग’चं ‘एनी’ झालेलं दिसलं, तर इथे नल येतो कुठून, हे विचारल्याशिवाय अप्रूव्ह करू नका. नल येणं रास्तच असेल, तर ‘नलेबल’ असं स्पष्ट लिहून घ्या.