कॉपीचा शिक्का मशीनच्या हाती नको

विद्यापीठांत सध्या एकच ओरड आहे: पोरं चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. त्यावर इलाज म्हणून एआय डिटेक्टर आणले जातात. मजकूर माणसाने लिहिला की मशीनने, हे दुसरे मशीन सांगणार. आमचा आक्षेप या दुसऱ्या मशीनवर आहे.

2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध मशीनचे ठरवले गेले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांच्या निबंधांबाबत मात्र हेच डिटेक्टर जवळपास अचूक होते. कारण साधे आहे. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे ते मोजतात. परक्या भाषेत जपून, मोजक्या शब्दांत लिहिणारा त्यांना मशीन वाटतो.

आता सांगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकून एम.ए.ला इंग्रजीत प्रबंध लिहिणारा, घरातला पहिला पदवीधर कोण असतो? संशयाचा पहिला शिक्का त्याच्यावरच बसणार. ‘याला एवढं चांगलं कसं लिहिता आलं?’ हा प्रश्न आपल्याला मशीन येण्याआधीपासून विचारला जातो.

मग तोंडी परीक्षा वाढवा, असे काही जण सांगतात. एम्समधील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीच्या 2007 च्या अहवालात दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी तोंडी परीक्षेबद्दलही होत्या. आडनाव पाहून गुण देणारा परीक्षक डिटेक्टरपेक्षा बरा कसा?

एआय वापरूच नये, असे आम्ही म्हणत नाही. शिकवणी परवडत नाही त्याने अवघड उतारा त्याच्याकडून जरूर समजून घ्यावा. पण लिहावे स्वतः. हे मशीन शब्दाला शब्द जोडते, खऱ्याखोट्याची हमी देत नाही. बाबासाहेबांच्या नावावर ते न बोललेले वाक्यही बिनदिक्कत खपवते. शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले त्यांचे खंड उघडा. तिथे सापडले तरच ते वाक्य वापरा.

आमच्या मागण्या तीन. केवळ डिटेक्टरच्या अहवालावर कारवाई नको. विद्यार्थ्याला कच्चे मसुदे दाखवून बाजू मांडू द्या. तोंडी परीक्षेला एकाहून अधिक परीक्षक बसवा आणि तिचे रेकॉर्डिंग करा.

मित्रांनो, हे निवेदन आपापल्या विद्यापीठात द्या. तोवर प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवा.

जय भीम!