हुर्योला शब्द नसतो, पण अर्थ असतो!

एखाद्याने भर रस्त्यात जातीवरून वा कातडीच्या रंगावरून शिवी दिली तर कायदा त्याचा शब्द पकडतो. कोण बोलला, काय बोलला, कोणासमोर बोलला, हे तीन प्रश्न विचारले की खटला उभा राहतो. पण हजारो माणसे एकाच वेळी एकाच माणसाकडे पाहून नुसता 'ऊऽऽ' असा आवाज काढू लागली तर? त्यात शिवी नाही, शब्द नाही आणि उच्चारणाऱ्याचे तोंडही नाही. मग फिर्याद कोणावर करायची? आरोपी कोण?

हा प्रश्न २०१५ साली ऑस्ट्रेलियात उभा राहिला. त्याचे उत्तर कोर्टाने दिले नाही, खेळ चालविणाऱ्या संस्थेनेही वेळेवर दिले नाही. ते एका माहितीपटाने दिले. म्हणून आज त्या माहितीपटाविषयी आणि त्या निमित्ताने पडद्यावर दिसणाऱ्या एका खेळाविषयी आम्ही लिहीत आहोत.

आमच्या बहुतेक वाचकांनी हा खेळ पाहिलेला नसेल. त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू. हातापायांनी चेंडू पुढे न्यायचा आणि उभ्या खांबांमधून मारायचा. सामन्याचे चार भाग, त्यांना क्वार्टर म्हणतात. मेलबर्न शहरात १८५९ साली त्याचे नियम लिहिले गेले. ज्यांच्या हातून ते लिहिले गेले त्यातील टॉम विल्स यांचे बालपण आदिवासींच्या सहवासात गेले होते. आदिवासींमध्ये 'मार्नग्रूक' नावाचा चेंडूचा खेळ त्याही आधीपासून होता. या खेळाचे मूळ त्यात आहे की नाही, यावर तिकडचे इतिहासकार आजही भांडतात. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्यांची जमीन गेली, त्या मूळ रहिवाशांची संख्या देशाच्या लोकसंख्येत तीन-चार टक्के असताना या खेळाच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, दर दहा खेळाडूंत साधारण एक खेळाडू त्यांचा राहिला आहे. मैदानात त्यांचे पाय हवेत, अंगातली चपळाई हवी. पण तोंड उघडले की ते नकोसे होतात!

त्यातलाच एक अ‍ॅडम गुड्स. सिडनी स्वान्स संघाकडून तो ३७२ सामने खेळला. सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याने २००३ आणि २००६ असे दोनदा जिंकले. २४ मे २०१३ रोजी मेलबर्नच्या मैदानावर तेरा वर्षांच्या एका गोऱ्या मुलीने त्याला 'एप', म्हणजे वानर, म्हटले. त्याने तिच्याकडे बोट दाखविले, रखवालदारांनी तिला बाहेर नेले. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर तो काय बोलला? या मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या, कारण हा शब्द ती घरीदारीच शिकली आहे, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. अपमान ज्याचा झाला तोच अपमान करणारीची वकिली करीत होता! याहून मोठे मन कोणते? आणि काही दिवसांतच, ज्यांनी सामन्याच्या रात्री त्याची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली होती, ते कॉलिंगवूड क्लबचे अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर म्हणाले की, 'किंग काँग' या संगीत नाटकाच्या जाहिरातीसाठी गुड्सला वापरावे. त्यांनी पुन्हा माफी मागितली.

गुड्स २०१४ साली 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला आणि वर्णद्वेषाविरुद्ध, इतिहासाविरुद्ध उघड बोलू लागला. मे २०१५ मध्ये एका सामन्यात गोल केल्यावर त्याने आदिवासी युद्धनृत्य केले. हातात शस्त्र नव्हते, तरी गोऱ्या प्रेक्षकांना त्यात भाला दिसला! तो चेंडूला हात लावी, की मैदानभर हुर्यो उठे. गावोगावच्या मैदानांवर, आठवड्यामागून आठवडे हेच चालले. जुलैअखेर त्याने सामना सोडून सुट्टी घेतली. तो परत आला, पण सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंची मैदानातून मिरवणूक निघते, तीतही तो गेला नाही.

आता आमचा मुद्दा. या खेळात वर्णद्वेषी बोलण्याविरुद्धचा नियम १९९५ सालीच झाला होता. मायकेल लाँग या आदिवासी खेळाडूने प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तक्रार केली, त्यातून तो आला. पण तो नियम शब्दाला धरतो. खेळाडू खेळाडूला काय बोलला, एवढे तो पाहतो. स्टँडमधल्या जमावाच्या आवाजाला तो कसा धरणार? जमावाकडे सबबीही तयार होत्या. आम्ही त्याच्या रंगामुळे नव्हे, तो फ्री किकसाठी नाटक करतो म्हणून हुर्यो उडवितो. त्याने एका लहान मुलीला छळले म्हणून उडवितो. रेडिओ आणि टी. व्ही.वरच्या भाष्यकारांनी या सबबींना 'दुसरी बाजू' म्हणून रोज रात्री जागा दिली. कोर्टात आम्ही हे नेहमी पाहतो. प्रत्येक घटना सुटी करून दाखविली की प्रत्येक घटनेला निर्दोष कारण सापडते. हेतू दिसतो तो घटना क्रमाने लावल्यावर.

हेच काम दिग्दर्शक इयान डार्लिंग यांनी 'द फायनल क्वार्टर' या २०१९ च्या माहितीपटात केले. त्यात निवेदक नाही, एकही नवी मुलाखत नाही, दिग्दर्शकाचे मत नाही. गुड्सच्या कारकिर्दीच्या अखेरच्या तीन वर्षांत जे टी. व्ही.वर दाखविले गेले आणि वर्तमानपत्रांत छापले गेले, तेवढेच तारखेनुसार जोडले आहे. वकिलाच्या भाषेत सांगायचे तर एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा केला नाही, सारा पुरावा कागदोपत्री, तोही आरोपीच्याच कपाटातला! त्या मुलीला दोष देऊ नका, हे गुड्सचे शब्द चॅनेलांच्या संग्रहात पहिल्या दिवसापासून होते. तरी दोन वर्षांनी तीच माध्यमे 'त्याने मुलीला छळले' हा आरोप चघळत होती. दोन्ही फिती शेजारी ठेवल्या की निकाल प्रेक्षकच देतो.

माहितीपट पाहून एएफएल आणि तिच्या अठराही क्लबांनी जून २०१९ मध्ये जाहीर बिनशर्त माफी मागितली. वर्णद्वेष सुरू असताना आपण त्याच्या बाजूने उभे राहिलो नाही, हे कबूल केले. तोवर गुड्सला निवृत्त होऊन चार वर्षे होत आली होती.

पडद्याचा हा इतिहास मात्र नेहमी असा नव्हता. १९८० च्या 'द क्लब' या ब्रूस बेरेसफोर्ड यांच्या गाजलेल्या चित्रपटात क्लबमधले राजकारण आहे, अध्यक्ष आणि प्रशिक्षकाची भांडणे आहेत. ती गोऱ्यांची आपापसातली लढाई आहे. एप्रिल १९९३ मध्ये निकी विनमार या आदिवासी खेळाडूने शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांसमोर बनियन वर उचलून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखविले. ते छायाचित्र जगभर गेले. पण १९९९ साली चॅनेल नाइनच्या 'द फूटी शो' या कार्यक्रमात विनमार आला नाही म्हणून सॅम न्यूमन यांनी तोंडाला काळे फासून त्याचे सोंग घेतले. करमणूक म्हणून! २००२ च्या 'ऑस्ट्रेलियन रूल्स' चित्रपटात वर्णद्वेषाला हात घातला गेला. त्यात संघाचा सर्वोत्तम आदिवासी खेळाडू डम्बी रेड याला डावलून बक्षीस प्रशिक्षकाच्या मुलाला मिळते, आणि पुढे तो गोळीने मरतो. चित्रपटाचा हेतू चांगला असेल. पण त्याची मूळ कथा दोन आदिवासी तरुणांच्या प्रत्यक्षातल्या मृत्यूची आठवण जागी करते, आणि आम्हाला नीट विचारले नाही, अशी तक्रार आदिवासींनी केली. मुख्य पात्र पुन्हा गोरा मुलगाच. आमचे मरण, त्यांचे हृदयपरिवर्तन!

म्हणून स्वतःचे माईक स्वतःच्या हाती असणे महत्त्वाचे ठरते. २००७ पासून आदिवासींच्या एनआयटीव्हीवर ग्रँट हॅन्सन यांचा 'मार्नग्रूक फूटी शो' चालू झाला. त्यात आदिवासी सूत्रसंचालक याच खेळावर हसतखेळत, अधिकाराने बोलत. आणि 'द फायनल क्वार्टर' आला त्याच वर्षी पत्रकार स्टॅन ग्रँट यांनी लिहिलेला, डॅनियल गॉर्डन दिग्दर्शित 'द ऑस्ट्रेलियन ड्रीम' आला. त्यात गुड्स स्वतः बोलतो, विनमार बोलतो. एका माहितीपटाने आरोपीची कबुली दाखविली, दुसऱ्याने फिर्यादीची साक्ष नोंदविली. न्यायाला दोन्ही लागतात.

मग न्याय झाला का? २०२१ साली कॉलिंगवूड क्लबच्या चौकशी अहवालाने तिथे पद्धतशीर वर्णद्वेष असल्याचे नोंदविले आणि मॅग्वायर यांना अध्यक्षपद सोडावे लागले. २०२३ साली जमारा अगल-हेगन या तरुण खेळाडूने प्रेक्षकांकडून शिवीगाळ झाल्यानंतरच्या सामन्यात, विनमारप्रमाणेच बनियन वर उचलले. तीस वर्षांनी तेच बोट, तीच कातडी! माफी मागून प्रश्न संपत नाही, हे याहून वेगळे कसे सांगायचे?

गुड्सनेही ते आपल्या परीने सांगितले. २०२१ साली खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव घेण्याचे ठरले तेव्हा त्याने तो सन्मान नाकारला. ज्यांनी हुर्योच्या वेळी कान झाकून घेतले, त्यांच्या टाळ्यांची त्याला गरज उरली नव्हती. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी नजर ज्यांनी रोज सोसली आहे, त्यांना या नकाराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. प्रस्थापितांना वाटते की, सन्मान देणे न देणे त्यांच्या हातात आहे. घेणे न घेणे आपल्या हातात आहे, हे ते विसरतात.